शरणअण्णांची चौथी पट्टी

शरणअण्णा रिक्षात बसायच्या आधी रिक्षाभोवती एक फेरी मारायचे. हात मागे बांधलेले, मान किंचित तिरकी. पुढच्या चाकापाशी वाकायचे, मागच्या टायरला बुटाचं टोक लावून बघायचे, खाली तेल गळत नाही ना याची खात्री करायचे आणि मगच बसायचे. सोलापूर स्टेशनबाहेर मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांची बॅग माझ्या हातात होती आणि लाजेनं कुठं बघावं ते मला कळेना. रिक्षावाल्यानं विचारलंच, "क्या अण्णा, खरीदना है क्या बैठना है?"

अण्णा अजिबात न हसता म्हणाले, "पैले देखेंगे. पसंत आया तो बैठेंगे."

रिक्षा सुरू झाल्यावर ते मला म्हणाले, "विमानाला रोज फेरी मारतो मी. ऊन असू दे, पाऊस असू दे. ज्याच्या भरवशावर बसायचं त्याला आधी एकदा डोळं भरून बघावं की."

होय, अण्णा पायलट होते. सोलापूर जिल्ह्यातल्या, सीमेवरच्या मैंदर्गी गावचे. घरात कन्नड, बाजारात मराठी, थोरल्या भावाचं खताचं दुकान. त्या घरातला हा मुलगा विमान चालवायला कसा गेला हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "दुकानात बसून कंटाळलो बे, म्हणून वर गेलो." कुठल्याही गोष्टीचा निकाल लगेच द्यायचा नसला की त्यांचा एक शब्द ठरलेला होता, 'नोडोण'. म्हणजे बघू या. पगार वाढणार का? नोडोण. पाऊस पडणार का? नोडोण. तो शब्द ते असा लांबवून म्हणायचे की समोरच्याचा घोर निम्मा तरी कमी व्हायचा. माझा तर व्हायचाच.

मी उजनी धरणाच्या काठावरच्या गावातला. आठवीत शाळा सुटली आणि मामानं सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यात आणून सोडलं. शाळेच्या पँटी, शर्ट, मुलींचे पिनोफ्रॉक, दिवसभर तेच. तिथं एक दिवस अण्णा आले आणि मालकांपुढे त्यांनी एक निळा कोट ठेवला. त्यांची विमान कंपनी लहान होती. कपडा कंपनी द्यायची, पण शिवून ज्याचं त्यानं घ्यायचं. अण्णा म्हणाले, "मालक, अर्ध्या देशाची पोरं सोलापूरची पँट घालून शाळेला जात्यात. मग आमी कशाला बाहेर शिवायचं?" स्वतःचा एक कोट घेऊन आलेला माणूस पुढच्या खेपेला वीसेक जणांची मापं घेऊन आला.

मालक हे काम थोरल्या कारागिराला देणार होते. अण्णा सगळ्या मशीनवरून हात मागे बांधून फिरले आणि माझ्यापाशी थांबले. मी एक शिवण तिसऱ्यांदा तपासत होतो. "ह्या पोराला द्या," ते म्हणाले. मालक हसले, "तो? तो लई घाबरट हाय ओ." अण्णा म्हणाले, "म्हणून तर. आमच्यात न घाबरणाऱ्याला कोण जवळ करत न्हाय."

माझ्या घाबरटपणाला कुणी चांगलं म्हणण्याची ती पहिली वेळ. त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं उभं राहिलं. कोट शिवायला शिकलो, हात बसला, आणि त्याच जोरावर आज मी इथं मस्कतला शिवणकामाच्या दुकानात आहे. इकडे यायचं ठरलं तेव्हा विमानाच्या भीतीनं मला जेवण जाईना. मी मुंबईच्या विमानतळावर असताना अण्णांनी मला फोन केला आणि विमानात काय काय आवाज येतील ते क्रमानं सांगितले. "आधी खाली करवतीसारखा आवाज येईल, ते सामानाचं दार बंद करत्यात. वर गेल्यावर धाडकन काहीतरी आदळेल, ते चाकं पोटात गेली. मग एकदम आवाज कमी होईल. तवा तुला वाटंल इंजिन बंद पडलं. न्हाय पडलं. ड्रायव्हरनं गिअर बदलला समज आणि पाणी पी." सगळं त्याच क्रमानं झालं. आवाज कमी झाला तेव्हा मी पाणी प्यायलो. शेजारचा बाप्या मात्र खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. मी त्याला सांगितलं, काही नाही, गिअर बदलला.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

कॅप्टनच्या कोटाच्या बाहीवर चार सोनेरी पट्ट्या असतात. त्याच्या उजवीकडे बसणाऱ्या सहवैमानिकाच्या बाहीवर तीन. हे मला अण्णांनी शिकवलं. त्यांची सहवैमानिक अश्विनी मॅडम एकदा माप द्यायला स्वतः आल्या होत्या. बाईमाणसाचा पायलटचा कोट आमच्याकडे कधी शिवलाच नव्हता. मालक अडखळत म्हणाले, "मॅडम, शाळेतल्या बाईंच्या कोटाचं माप हाय, ते चालेल का?"

"चालेल की," त्या म्हणाल्या, "पण मग विमानात शिरल्याशिरल्या मला हजेरी घ्यावी लागेल."

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मला म्हणाले, "दत्तू, हिच्या बाहीवर एका पट्टीची जागा धरून शिव. चौथी लवकर लागणार हाय." मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही सोडाल तर लागेल." दोघांचं असं चालायचं. अण्णांनीच त्यांना हाताखाली घेऊन तयार केलं होतं.

त्या दिवसांत अण्णांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, सोलापूर. विमानतळासाठी सोलापुरानं किती वर्षं वाट पाहिली हे सोलापूरकरांना सांगायला नको. आमची धावपट्टी आखूड. तिथं मोठं जेट उतरत नाही, पंख्याचं लहान विमान उतरतं. आणि अण्णांच्या कंपनीची सगळी विमानं पंख्याची होती. कंपनीनं सोलापूरची सेवा सुरू करायचं मनावर घेतलं होतं. "पहिलं विमान मी आणणार," ते म्हणायचे, "ऑफिसात सांगून ठेवलंय. दुसऱ्या कुणाला पाठवलं तर मी रनवेवर आडवा झोपेन." फक्त याच एका गोष्टीला त्यांनी कधी नोडोण म्हटलं नाही.

त्यांची आई, आव्वा, मुलगा एवढा कॅप्टन असून विमानात कधी बसली नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं. "एसटीनं पुण्याला जायचं आणि तितनं इमानात बसायचं, हे कसलं शाणपण? तू इमान सोलापूरला आण. मी लुगडं नेसून तयार हाय."

मग त्यांची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली.

मी ही बातमी कारखान्याच्या रेडिओवर ऐकली आणि आनंदलो. मोठी कंपनी म्हणजे मोठा पगार, मोठी ऑर्डर. अण्णा आले तेव्हा मी तसं बोललोही. ते मला बाहेर चहाच्या गाड्यावर घेऊन गेले.

"दत्तू, तुझ्या मालकाचा कारखाना उद्या मोठ्या कारखान्यानं घेतला, तर तुला तिकडं कुटं बसवतील?"

"मशीनवर. अजून कुठं?"

"न्हाय. काजं-बटणावर. तू कोट शिवतोस हे तुझ्या मालकाला म्हाईत. त्यांच्या लेखी तू आज आलास."

मग त्यांनी सांगितलं. मोठ्या कंपनीला पंख्याची विमानं नको होती. ती भाड्याची होती, परत चालली होती. पायलटांना जेटचं शिक्षण देऊन ठेवून घेणार होते, पण जेटवर सगळे नवखे, म्हणून सगळे उजव्या खुर्चीत. ज्येष्ठतेच्या यादीत आधी त्यांची माणसं, त्यांच्या खाली अण्णांच्या कंपनीची. कॅप्टन होण्याची पाळी त्या यादीनं येणार. आणि अण्णांचं वय असं, की पाळी यायच्या आत निवृत्ती यायची.

"मग सोडा की नोकरी," मी म्हणालो. मला वाटलं ते सोपं असतं.

"अश्विनी सोडतीय. एका नव्या कंपनीत चाललीय, लहान विमानं हायत त्यांच्याकडं. पगार कमी, भरवसा त्याहून कमी. तिला जमंल, तिचं वय हाय." त्यांनी कप खाली ठेवला. "माझी पहिली कंपनी बंद पडली व्हती ते तुला म्हाईत न्हाय. भावाच्या दुकानात बसलो व्हतो. गिऱ्हाईक विचारायचं, कॅप्टन, युरिया हाय का? ते चेष्टा करत नव्हते रे. पण मी रातच्याला छताकडं बघत पडायचो. परत तसं बसायची ताकद न्हाय माझ्यात."

म्हणजे नोकरी ठेवायची तर जेट, आणि जेट म्हणजे सोलापूर नाही. हे त्यांनी मला फोडून सांगितलं नाही. मला चहा संपेपर्यंत कळलं.

आव्वाला त्यांनी समजावलं तेव्हा ती म्हणाली होती, "एवढी वर्षं गाडी चालवून परत क्लीनर केलं व्हय रं तुला?" ही गोष्ट अण्णा सगळ्यांना हसत सांगायचे. आव्वाचा आवाज काढून, हातवारे करून. आम्हीही हसायचो. मालक हसायचे नाहीत.

जेटचं शिक्षण झालं. नवी वर्दी यायला वेळ होता. तोवर जुना कोट चालेल, पट्ट्या मात्र नव्या हुद्द्याप्रमाणे, असा हुकूम होता. अण्णा कोट घेऊन माझ्यापाशी आले. "एक काढायची," एवढंच म्हणाले.

दोन्ही बाह्यांवरची वरची पट्टी मी उसवली. माझंच टाक्यांचं काम, घट्ट होतं, वेळ लागला. पट्टी निघाली आणि तिच्याखाली गडद निळी रेघ दिसली. बाकीचा कोट उन्हानं विटला होता, पट्टीखालचं कापड नव्यासारखं. चौथी पट्टी काढूनही बाहीवर चार दिसत होत्या. मी घासून बघितलं, वाफ देऊन बघितलं. रेघ जाईना.

"राहू द्या अण्णा," मी म्हणालो. "दिसली तर दिसली. लोकांना कळू दे की तुम्ही कोण होता."

"न्हाय दत्तू. खूण राहता कामा नये." ते शेजारच्या स्टुलावर बसले. "माझ्या डाव्या बाजूला आता माझ्या लेकीच्या वयाची पोरं बसणार. चांगली पोरं हायत. पण ही रेघ दिसली की त्यांना चुकचुकल्यासारखं होईल. मला हुकूम द्यायला ती कचरतील. विमानात कॅप्टननं कचरून चालत न्हाय."

मी दोन्ही बाह्या सोडवल्या, कापड उलटं केलं, आतली बाजू बाहेर आणून पुन्हा जोडल्या आणि तीन पट्ट्या लावल्या. रेघ गेली. बाह्या अंगापेक्षा थोड्या गडद दिसत होत्या, पण ते शिंप्याशिवाय कुणाला कळणार नाही. अण्णांनी कोट घातला, हात पुढे करून दोन्ही मनगटांकडे बघितलं. "झकास," म्हणाले. काढलेल्या पट्ट्या तिथंच टेबलावर राहिल्या.

नंतर त्यांचं येणं कमी झालं. त्यांना गुवाहाटीचं ठाणं दिलं होतं, म्हणजे विमान घेऊन निघायचं आणि परत यायचं ते तिथंच. ठाणं मागायचं तरी ज्येष्ठता लागते. सुट्टीही तशीच, दिवाळीची सुट्टी वरच्यांना मिळायची आणि अण्णांना तुळशीच्या लग्नानंतरची. फोनवर आवाज दमलेला असायचा. "एका दिवसात चार वेळा चढ-उतार केली रे. डाव्या खुर्चीतला पोरगा भला हाय, मला काका म्हणतो. विमानात काका!" आणि हसायचे.

सोलापूरचं विमान शेवटी आलं ते अश्विनी मॅडमच्या नव्या कंपनीचं. मॅडमनाच पाठवलं होतं. त्या आता कॅप्टन झाल्या होत्या.

अण्णा त्या दिवशी सोलापुरात होते. सुट्टी कशी मिळवली ते त्यांनी सांगितलं नाही. सकाळी कारखान्यात आले आणि मला म्हणाले, "चल, होटगी रोडला विमानतळावर जाऊन येऊ." आत मंडप होता, पुढारी, हार, बँड. अण्णा तिकडे गेलेच नाहीत. कुंपणाच्या बाहेर, जिथं लोक टेम्पोच्या टपावर चढून बसले होते, तिथं आम्ही उभे राहिलो.

विमान आधी एक चमक म्हणून दिसलं. लोक ओरडायला लागले, "आलं, आलं!"  अण्णांचे नुसते ओठ हलत होते. मी जवळ सरकलो तेव्हा ऐकू आलं. "वारा उजवीकडनं हाय… व्हय, तसंच… नाक धर… धर अजून… आता सोड." आणि त्याच क्षणी चाकं टेकली. त्यांची उजवी मूठ पोटापाशी होती. ती हळूहळू उघडली.

"चांगली टेकवली पोरीनं," ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांचा फोन वाजला. बँडच्या आवाजात मॅडमचा आवाज मलाही ऐकू येत होता. "सर, कुठं आहात? उतरले मी! तुमच्या सोलापुरात उतरले!"

अण्णांनी कुंपणाच्या तारेपलीकडे बघितलं. विमानाच्या शिडीपाशी, गळ्यात हार घातलेली, कानाला फोन लावलेली मॅडमची आकृती तिथून दिसत होती.

"घरी हाय गं," अण्णा म्हणाले. "टीव्हीवर बघितलं. लई झकास उतरवलंस. वारा व्हता ना उजवीकडनं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"टीव्हीवर झाडं हालत व्हती. ठेव आता, लोक थांबल्यात."

फोन खिशात गेल्यावर मी म्हणालो, "अण्णा, गेटवर जाऊ या की. मॅडमना कळलं तर पळत येतील."

"म्हणूनच न्हाय जायचं. पळत येणार, सगळ्यांना सांगणार, हे माझे कॅप्टन. मग कुणीतरी विचारणार, सर, सध्या काय चालवता? माझं काय न्हाय बे, पण तिचा चेहरा उतरंल. आज न्हाय उतरवायचा."

तासाभरानं विमान परत फिरलं. आमच्या डोक्यावरून गेलं, वळलं, लहान होत गेलं. टेम्पो निघाले, भेळवाले निघाले, आतला बँडही थांबला. अण्णा तारेला धरून उभेच होते, रिकाम्या धावपट्टीकडे बघत. त्या संध्याकाळी ते रेल्वेनं मुंबईला आणि तिथून कामावर परत गेले आणि महिन्याभरात मी इकडे मस्कतला आलो. त्यानंतर आमची भेट नाही.

त्या दिवशी तारेपाशी उभे असताना मालकांचे दोन फोन येऊन गेले होते. मी उचलले नाहीत. अण्णा स्वतःहून वळेपर्यंत त्यांच्या शेजारी उभा राहिलो.