दातात किडे नसतात

मांजरसुंब्याच्या चौकात माझा दातांचा दवाखाना आहे आणि तिथं बसून मी वर्षानुवर्षं एकच वाद घालते आहे: दातात किडे नसतात. इकडं दाढ दुखली की लोक आधी धूर घ्यायला जातात. निखाऱ्यावर रिंगणीचं बी टाकायचं, धूर तोंडात घ्यायचा, की वाटीतल्या पाण्यात पांढरे किडे पडलेले दाखवतात. ते किडे नसतात हो, बियांचेच कण असतात, हे सांगून माझी जीभ झिजली.

म्हणून चौकातला पंक्चरवाला येऊन म्हणाला, "मॅडम, मायच्या तोंडात किडे हायेत," तेव्हा माझं डोकंच फिरलं. लकवा मारल्यापासून त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती, वाचा गेलेली, तोंड सदा उघडं. हे सगळं त्यानं सांगितलं होतं.

"धूर दिला होता का तिला?"

"एकदा दिला घरीच, पर..."

ते 'पर' मी पुरं होऊ दिलं नाही. चांगलं फैलावर घेतलं त्याला. वर चूळ भरायचं औषध दिलं, ज्या बाईला चूळ भरताच येत नव्हती तिच्यासाठी.

चार दिवसांनी तो तिला रिक्षातून घेऊन आला. आधी वास आला. वरचा ओठ उचलला तर समोरच्या दातांवरची हिरडी हलत होती. माशीच्या अळ्या! उघड्या तोंडात माशीनं अंडी घातली होती. असं होतं, हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं.

टर्पेंटाइनचा बोळा धरला की अळ्या श्वासासाठी वर येतात, मग चिमट्यानं एकेक ओढून काढायची. मी काढत राहिले. आता संपल्या असं वाटे आणि आतून आणखी एक वर येई. टाळूला भोक पडलं होतं, पार नाकाकडं गेलेलं. चार दिवसांपूर्वी ते एवढं खचितच नसणार. मला स्वतःची किळस आली. म्हातारी माझ्याकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला नीट दिसेना, पण हात थांबवणं शक्य नव्हतं.

मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. तो तिची नीट घडी घालत होता. मला ते सोसेना.

"अहो, मला शिव्या तरी द्या," मी म्हणाले.

"तुमाला कशापायी शिव्या देऊ?" तो म्हणाला. "माय चांगल्या हातानं सारखी तोंड दाखवायची. मीच तिचा हात खाली दाबायचो. म्हणायचो, उगी पड माय, मॅडम लई शिकलेल्या हायेत, त्या म्हणल्यात, किडे नसतेत."