पंचशीला गजभारेने भरलेलं भाडं

लेकीला दहावीला चांगले टक्के पडले तेव्हा पंचशीलाने गल्लीत पेढे वाटले. पेढा तोंडात टाकता टाकता प्रत्येकाने एकच सल्ला दिला, "पोरगी हुशार हाय, लातूरला टाका." नांदेडात क्लास नाहीत असं नाही. पण डॉक्टर व्हायचं तर लातूर, असं मराठवाड्यातल्या प्रत्येक आईबापाच्या मनात बसलेलं आहे. पंचशीलाच्याही बसलं होतं.

तिचं माहेर उमरीजवळच्या एका खेड्यातलं. लग्न होऊन नांदेडला आली. नवरा लिंबाजी रेल्वेत ट्रॅकमन. दोन खोल्यांचं स्वतःचं घर, पुढे पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये तिची शिलाई मशीन. आजूबाजूला सगळी बौद्ध वस्ती, त्यामुळे सकाळी दारात उभं राहिलं की येणारा-जाणारा 'जय भीम' म्हणत जायचा. नांदेडात पैसा पुरवून वापरता येतो, असं ती म्हणायची. बाजारात उशिरा गेलं की भाजी स्वस्त मिळते, शेअर रिक्षात दहा-वीस रुपयांत शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाता येतं. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात ती कितीदा तरी मैत्रिणींबरोबर जेवली होती. तिथे पंगतीत शेजारी कोण बसलंय हे कुणी कुणाला विचारत नाही. रस्त्यावर उर्दू, तेलुगू, पंजाबी, मराठी सगळं एकदम कानावर येतं. शहर म्हणजे असंच असतं, असं पंचशीला धरून चालली होती.

लेक धम्मप्रिया आधी लातूरच्या एका हॉस्टेलवर राहिली. दिवाळीला घरी आली ती कावीळ घेऊनच. डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद करायला सांगितलं. मग लिंबाजी म्हणाला, "तूच जा तिच्याजवळ. माझं मी बघतो." पंचशीलाने मशीन टेम्पोत टाकली आणि लोहा-अहमदपूर-चाकूर करत मायलेकी लातूरला पोहोचल्या.

लातूर तिला पहिल्या दिवशी आवडलं होतं, हे सांगितलं पाहिजे. संध्याकाळी रस्त्याने पाठीवर दप्तरं घेतलेल्या पोरींचे थवेच्या थवे चाललेले. त्यांच्यात उमरीसारख्या गावच्या, तांड्यावरच्या, कुणाच्याही पोरी. अभ्यास करणाऱ्या पोरीकडे तिथे कुणी टकमक बघत नव्हतं. पंचशीला लेकीला म्हणाली, "माझ्या येळंला असं गाव असतं तर मी बी शिकले असते."

दुसऱ्या दिवशी खोली शोधायला निघाली आणि हे कौतुक ओसरायला लागलं. त्या भागात घरं माणसांनी राहण्यासाठी बांधलेली नव्हतीच, भाड्यासाठी बांधलेली होती. जिथे एक खोली व्हावी तिथे पत्रे आणि प्लायवूड घालून दोन केलेल्या. नांदेडात चार हजारांत मिळेल तेवढी जागा इथे साडेसात हजारांना, आणि पाण्याचे पैसे वेगळे, कारण नळाला पाणी येण्याचे दिवस ठरलेले आणि उन्हाळ्यात टँकर. मेथीची जुडी, दूध, गॅसची टाकी घरपोच आणणाऱ्याचे वरचे पैसे, सगळ्याचा दर एकच गोष्ट बघून ठरलेला: ही बाई पोरीच्या शिक्षणासाठी आलीय, ही देणार. आईबापांच्या काळजीवर एक अख्खं शहर वाढत होतं आणि त्याला सगळे प्रगती म्हणत होते.

खोल्या दाखवणारा दलाल गुरुबसप्पा स्वभावाने वाईट नव्हता. तीन घरं दाखवून झाली. प्रत्येक ठिकाणी भाडं ठरायचं, मग आडनाव विचारलं जायचं, मग 'घरच्यांना विचारून सांगतो' यायचं आणि मग फोन यायचाच नाही. चौथ्या घराच्या कोपऱ्यावर गुरुबसप्पाने गाडी थांबवली.

"ताई, आडनावाचं बोलू नका. मीच सांगतो, नांदेडच्या हायत, नवरा रेल्वेत हाय. तेवढं बास हाय."

"का बरं? म्या काय चोरी केली काय?"

"तुमी न्हाई केली. पर पोरीचा क्लास सुरू हाय. खोली पायजे का न्हाई?"

पंचशीलाची कानशिलं तापली.  पैसे देऊन, पावती घेऊन, आगाऊ रक्कम टाकून राहायचं आणि तरी तोंड लपवून आत शिरायचं. गुरुबसप्पाने आत जाऊन बोलणी केली आणि खोली मिळाली.

घर भागवतरावांचं होतं. मूळचे रेणापूरकडचे, तिकडे बागायत, इथे तीन मजले भाड्याने दिलेले. बोलायला अतिशय गोड. बायको सिंधुताई त्याहून गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी धम्मप्रियाला वाटीभर शेवयांची खीर दिली. शेजारच्या खोलीत निलंग्याकडची दानम्मा होती. तीही मुलीसाठीच आलेली, बोलताना मध्येच कानडी बोलायची. दोघींचं चांगलं जमलं. दानम्माने आसपासच्या बायकांना सांगून पंचशीलाला शिवणकाम मिळवून दिलं.

सगळं बिघडलं ते एका फोनमुळे. खोलीत रेंज यायची नाही, म्हणून पंचशीला अंगणात येऊन वडिलांशी बोलत होती. भागवतराव तुळशीजवळ पेपर वाचत बसलेले. बोलणं संपवताना ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "बरं, ठेवते. जय भीम, बाबा." पेपर खाली झाला. भागवतरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला.

त्या आठवड्यात अंगणातल्या हौदाच्या झाकणाला कुलूप लागलं. वरची टाकी रिकामी झाली की सगळे भाडेकरू हौदातून बादलीने पाणी काढत. कुलूप सगळ्यांसाठीच असेल असं पंचशीलाला वाटलं. पण दानम्मा पाण्याला गेली की सिंधुताई किल्ली तिच्या हातात देत. पंचशीला गेली की स्वतः बाहेर येत आणि म्हणत, "तुम्ही कशाला वाकताय? मी काढून देते." मग एके दिवशी जिन्याखाली एक निळा प्लास्टिकचा ड्रम दिसला.

"हे तुमच्यासाठी," सिंधुताई म्हणाल्या. "आम्हीच भरून ठेवत जाऊ. तुम्हाला हौदापर्यंत यायचा त्रासच नको."

"त्रास कुणाला होऊन राहिला, सिंधुताई?"

"तसं नाही हो. आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. आम्हाला काही नाही."

पंचशीलाने सासूबाईंना पाहिलेलं होतं. म्हातारी दिवसभर खाटेवर पडून असायची, तिला नातवंडांची नावं आठवत नव्हती. हौदाला कोण हात लावतं याची नोंद ठेवण्याइतकं भान तिला कुठलं? पण अशा कामाला घरातलं म्हातारं माणूस नेहमीच उपयोगी पडतं.

तिने दानम्माकडे पाहिलं. दानम्मा कपडे वाळत घालत होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती खाली मान घालून चिमटे लावत राहिली. दुपारी ती खोलीत आली आणि हळूच म्हणाली, "माझ्या पोरीची बी परीक्षा हाय, अक्का. मी काय बोलू?" पंचशीलाला भागवतरावांपेक्षा त्या वाक्याचा जास्त राग आला. ती म्हणाली, "काही बोलू नका. पर मग अक्का बी म्हणू नका."

तिने ड्रमातलं पाणी घेतलं नाही. सकाळी सगळे उठलेले असताना ती बादली घेऊन हौदापाशी गेली आणि किल्ली मागितली. सिंधुताईंनी नवऱ्याला हाक मारली. भागवतराव बाहेर आले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुमचा पाण्याचा वापर जास्त होऊन राहिला. असं करा, महिनाअखेर खोली खाली करा. माझे पाहुणे येणार हायत."

परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. धम्मप्रिया दारात पुस्तक धरून उभी होती. पंचशीला म्हणाली, "पाण्याचे पैसे मी सगळ्यांइतकेच देते. मग हात लावायचा हक कमी कसा?"

भागवतराव आत निघून गेले.

पंचशीला तशीच पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि पेन टेबलावर ठेवला. "बाई, केस झाली तर साक्षी, तारखा. पोरीचं वर्ष वाया जाईल. जरा समजुतीनं घ्या."

"समजुतीनं मी घ्यायचं? कुलूप त्यांनी लावलं."

"तुमच्या भल्याचंच सांगून राहिलो."

"भलं नका सांगू, भाऊ. लिहून घ्या. मी इथंच बसते."

ती बसली. डबा आणला नव्हता, पाणीही नव्हतं. तासाभराने एका महिला पोलिसाने अर्ज लिहून घेतला आणि पोच दिली. ती घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. संध्याकाळी भागवतराव दोन ओळखीच्या माणसांना घेऊन तिच्या खोलीच्या दारात आले. गैरसमज झाला, आम्ही तसले नाही, आमचा गडी तुमच्याच समाजाचा आहे, असं बरंच काही बोलले. पंचशीलाने त्यांना आत बोलावलं नाही.

"जे झालं ते अंगणात झालं," ती म्हणाली. "मिटवायचं बी अंगणात. सगळ्यांना बोलवा, आन् कुलूप तुमच्या हातानं काढा."

बरोबरच्या माणसांनी भागवतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. बायका गॅलरीतून बघत होत्या. भागवतरावांनी कुलूप काढलं आणि खिशात टाकलं. माफी मागितली नाही. पंचशीलाने बादली भरली, वर नेली आणि मग खोलीत भिंतीला टेकून बसली. धम्मप्रियाने पोळ्या लाटल्या. अर्ज मागे घ्यायचा का, हे लेकीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "न्हाई." अर्जाचं पुढे काय झालं हे तिला आजवर कुणी कळवलेलं नाही. दोन वेळा ती विचारायला गेली, दोन्ही वेळा साहेब बंदोबस्ताला गेलेले होते.

परीक्षेपर्यंत त्या तिथेच राहिल्या. भाडं रुपयानेही कमी केलं गेलं नाही आणि तिने तशी मागणीही केली नाही. डॉक्टरकीला धम्मप्रियाचे गुण थोडे कमी पडले, पण पशुवैद्यकीयला नंबर लागला. सरकारी कॉलेजच्या वसतिगृहात ती आता मजेत आहे, गाईम्हशींची नाडी बघते.

पंचशीला नांदेडला परतली ती सगळ्यांना हेच सांगत, की आपलं नांदेड बरं. लातूरचं पाणी महाग, माणसं त्याहून महाग. शिवणकामाचे थोडे पैसे गाठीला होते, म्हणून तिने मोठ्या रस्त्यावर दुकानासाठी गाळा बघायला सुरुवात केली. पहिला गाळा पसंत पडला. मालकाने चहा मागवला, भाडं ठरलं आणि मग त्याने सहज विचारलं, "गजभारे म्हणजे कोणते?"

पंचशीलाने कप खाली ठेवला.

"म्हणजे तुमच्या मनात आलं तेच."

तो हसला. संध्याकाळी त्याचा फोन आला की गाळ्याचा शब्द आधीच दुसऱ्याला दिलेला होता.

लातूरच्या हौदापेक्षा हे तिला जास्त लागलं. तिथे ती परकी होती. इथे तिचा सगळा संसार झाला होता. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की नांदेडने तिला आडनाव कधी विचारलं नव्हतं, कारण तिने नांदेडकडे कधी खोली मागितलीच नव्हती. ती वस्तीत राहिली, वस्तीतल्यांचे कपडे शिवले. लंगराच्या पंगतीत मांडीला मांडी लावून बसता येतं, पण पंगत उठली की प्रत्येकजण आपापल्या गल्लीत जातो. लिंबाजी म्हणाला, "सोड आता. किती दिवस डोकं तापवशील?" ती म्हणाली, "ज्यांचं तापायला पायजे त्यांचं थंड हाय. म्हणून माझं तापतं."

शेवटी देगलूरकडच्या कमलम्मांनी गाळा दिला. त्यांनी फक्त भाडं वेळेवर द्याल का, एवढंच विचारलं. गाळा लहान आहे आणि त्या पहिल्या गाळ्यापेक्षा भाडं हजार रुपयांनी जास्त. पंचशीला ते भरते. ज्यांच्यासाठी दहातली सहा दारं बंद असतात, त्यांना उरलेल्या चार दारांचा भाव द्यावा लागतो. लातूर महाग की नांदेड, याचे हिशेब लोक घालतात त्यात ही रक्कम कुठेच धरलेली नसते.

मागच्या महिन्यात तिच्याकडे वर्षाराणी आली होती. बाजूच्याच कॉलनीत तिचं दुमजली घर, मुलाला लातूरला पाठवायचं चाललेलं. मापं देता देता तिने विचारलं, "ताई, तुम्ही राहून आलात. खर्च किती धरू?"

पंचशीलाने खोलीचं भाडं सांगितलं. टँकर, दूध, गॅस, मेस, क्लासच्या पुस्तकांचं वेगळं, सगळं नीट सांगितलं. मग म्हणाली, "हे तुमचं झालं. मला याच्यावर अजून लागलं." आणि तिने हौदाची हकीकत सांगितली.

वर्षाराणी हळहळली. "बाई बाई, अजून असली माणसं हायत का? आपल्या नांदेडात न्हाई हो असं."

पंचशीलाने टेप गळ्यात टाकला.

"तुमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवलेत ना गेल्या साली? खोली दाखवताना तुमच्या साहेबांनी त्यांना पहिलं काय विचारलं होतं?"

वर्षाराणी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. पंचशीला वाट बघत उभी राहिली.