कमळचं स्थळ आणि माझी कंबर

माझी कंबर गेली ती कौलं परतताना. म्हणजे कौलं राहिली जागच्या जागी, परतलो मी एकटाच!

"मी शिडी धरते," बायको म्हणाली होती.

"काही नको. मी काय पहिल्यांदा चढतोय?"

"पहिल्यांदाच चढताय!"

(हे खरं होतं. दिवेआगरात कौलं परतणारे गडी मिळायचे. पण शाळामास्तराला सगळं येतं, असा माझा समज!) सहाव्या पायरीवरून मी थेट वाडीतल्या धोंड्यावर, पाठीवर आलो. चार महिने वैद्यबुवांचे लेप लावून पडलो आणि उठलो तो पोफळीसारखा सरळ! कंबर वाकायचं नाव म्हणून घेईना. वहाणासुद्धा बायकोच पायात घालायची. शेजारणी म्हणायच्या, "काय पतिव्रता आहे हो!" वहाणा घालताना ती काय पुटपुटायची, ते फक्त मला ऐकू यायचं.

तिथवर ठीक होतं. पण धाकटी बहीण कमळ लग्नाची झाली. वडील नव्हते, सगळा भार माझ्यावर. पहिलं स्थळ आलं आणि "घराण्यातच कमरेचा दोष दिसतो" म्हणून निघून गेलं. कमळ हसली, पण त्या रात्री जेवली नाही.

म्हणून मुरूडचं स्थळ आलं, तेव्हा मी ठरवलं की कंबर लपवायची! मुलगा मधुकर आणि त्याचे वडील आप्पा आगरदांड्याहून तरीने दिघीला उतरले, तिथून बैलगाडीने आमच्याकडे आले. मुलगी बघून झाली, पानं मांडली.

"यजमान, तुम्हीही बसा ना," आप्पा म्हणाले.

"छे छे! वाढण्यातच माझं समाधान!"

पाटावर बसायचं टळलं म्हणून मी खूश. वाढायलाही वाकावं लागतं, हे पळी हातात आल्यावर सुचलं! भात मी वरूनच सोडला. तो धप्पकन पानात पडला. आप्पांनी मान वर करून पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग कढी. नेम धरून मी पळी कलती केली आणि नेमके त्याच क्षणी आप्पा चित्राहुती घालायला वाकले. कढी त्यांच्या टकलावर! (कोमट होती. देव आहे!)

"यजमान," आप्पा शांतपणे म्हणाले, "हे जेवण आहे की अभिषेक?"

तेवढ्यात कमळ स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आली.

"अहो, दादाची कंबर वाकत नाही. शिडीवरून पडला तो. दोष घराण्याचा नाही, त्याच्या अकलेचा आहे!"

मधुकर असा हसला की त्याला ठसका लागला. "आप्पा, मला मुलगी पसंत आहे."

आप्पांनी ओठावर ओघळलेली कढी चाखली. "मुलगी खरं बोलते. कढी कुणी केली?"

"मीच," कमळ म्हणाली.

"मग मलाही पसंत!"

लग्न थाटात झालं. मुलीकडचे सगळे वरपक्षापुढे वाकून वाकून थकले. मी एकदाही वाकलो नाही. मुरूडकर वऱ्हाडी अजून म्हणतात, "भाऊ असावा तर असा ताठ मानेचा, स्वाभिमानी!"

मी त्यांना काही सांगत नाही. उभ्या जन्मात दुसऱ्या कुणी मला स्वाभिमानी म्हटलेलं नाही!