आप्पांचं ऊद तेल

देवळात ऊदाचा धूर नाकात गेला, की सोनारीची ती केस मला अजून आठवते आणि स्वतःचीच थोडी लाज वाटते.

मी तेव्हा धाराशिव जिल्ह्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. नुकताच वन्यजीव गुन्ह्यांवरच्या एका कार्यशाळेला जाऊन आलो होतो. अगरूच्या झाडापासून अत्तराचं महागडं तेल निघतं, त्यालाही ऊदच म्हणतात. झाड संरक्षित, म्हणून परवान्याशिवाय ते तेल देशात आणता येत नाही. एवढं ऐकून मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो.

त्याच आठवड्यात खबर आली. सोनारीत पूजेचं साहित्य विकणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे परदेशातून आलेलं ऊदाचं तेल आहे. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणत. पंच घेऊन गेलो. कपाटात सोनेरी टोपणाच्या, अरबी अक्षरांच्या बाटल्या होत्या आणि त्यांवर हातानं लिहिलं होतं, ‘ऊद तेल’. पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला आणि आप्पांना ठाण्यात आणलं.

“हे ऊदाचं तेल आहे?”

“व्हय साहेब.”

“बाटल्या आखातातून आल्या?”

“व्हय. लेकीनं आणल्या. तिथं दवाखान्यात नर्स हाय ती.”

“परवाना आहे?”

“कसला परवाना? न्हाय.” आप्पांनी हात जोडले. “मला काय करायचं ते करा, पर लेकीला गुतवू नका. चार दिसांनी तिला परत जायाचंय. ही नोकरी गेली तर दुसरी मिळायची न्हाय.”

मला ती कबुलीच वाटली. कस्टमला आणि वनखात्याला कळवायचं, लेकीला थांबवायचं, असं पत्र मी तयार करायला सांगितलं.

जबाब लिहून घेणारी आमची महिला हवालदार त्याच भागातली होती. तिनं पेन खाली ठेवलं आणि नमुन्याची बाटली हुंगली.

“आप्पा, हे तेल करता कसं तुम्ही?”

आप्पांचा चेहराच खुलला. “देवापुढं जाळतो त्यो ऊद कुटायचा, करडईच्या तेलात कढवायचा, आठ दिस मुरवायचा. गुडघ्याला लई गुण येतो. तुझ्या आईनं बी नेलंय की!”

“मग लेकीनं काय आणलं?” मी विचारलं.

“रिकाम्या बाटल्या, साहेब. तिथं अत्तर संपलं की फेकून देत्यात. तिनं माझ्यासाठी जमवल्या.”

देवळातला ऊद वेगळ्याच झाडाचा डिंक. वनाधिकाऱ्यांनीही नमुना पाहून तेच सांगितलं. मी पत्र फाडलं आणि आप्पांची माफी मागितली. लेक ठरल्या दिवशी गेली.

नियम योग्यच आहे, ती झाडं वाचायलाच हवीत. चूक माझ्या प्रश्नांत होती. मी ‘हो की नाही’ एवढंच विचारत गेलो आणि आप्पा खरं सांगत गेले. त्या जबाबात एकही खोटं वाक्य नव्हतं, तरी एका निरपराध मुलीची नोकरी गेली असती. त्या हवालदाराचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, हुद्दा आडवा आला. आज मनापासून मानतो.

माझ्या निरोपाच्या कार्यक्रमाला आप्पा आले होते. सोनेरी टोपणाची एक बाटली माझ्या हातात ठेवून हसत म्हणाले, “घ्या साहेब. हिला परवाना लागत न्हाय.”