कॅमेऱ्यापुढं घेतलेली हजेरी

मित्रहो, आज सकाळी मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढं मी चार वेळा गप्प झालो.

बहात्तर साली तिसगावात ज्या सातवीला मी मराठी शिकवायचो, तो वर्ग रविवारी पुन्हा जमणार आहे. गुडघ्यांमुळं मला जाता येणार नाही. म्हणून पोरांनी, म्हणजे आता पासष्टी ओलांडलेल्या माणसांनी, निरोप धाडला, "सर, तुम्ही वर्गात चालीवर शिकवलेली ती कविता म्हणून व्हिडिओ तरी पाठवा."

कविता तोंडपाठ. पण त्या काचेच्या ठिपक्याकडं पाहिलं की पहिलीच ओळ पळायची.

"नाना, बोला की आता. मला भाकरी टाकायच्या हायेत," सूनबाई म्हणाली.

"अगं, बोलू कुणाशी? समोर वर्गच नाही!"

"मग भरवा की वर्ग. आमच्यावर तर रोज मास्तरकी चालती तुमची."

मी ताठ बसलो आणि जुन्या सवयीनं हजेरी सुरू केली. भानुदास. सॅम्युएल. दुष्काळी कामावर खडी फोडून निम्म्या तासाला वर्गात येणारा दगडू. प्रत्येक नावानंतर थांबलो.

"आता परत का गप झाले, नाना?"

"थांब, त्यांना 'हजर' म्हणू दे."

अठ्ठावीस नावं आठवली. तोवर समोर वर्ग भरला होता आणि कविता चालीसकट आपोआप आली.

सून म्हणते, व्हिडिओ लांबलाय, नावं कापून टाकू. मी नको म्हटलं. दगडू गेल्या वर्षी वारला. त्याच्या नावानंतरची जागा तशीच राहू दे.

तुमच्या वर्गाच्या हजेरीत तुमच्या आधी कुणाचं नाव यायचं, आठवतंय?