पाव्हण्यांची बाज

नाना गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेच्या पटांगणात प्रार्थनेला उभा होतो आणि एका हाताने फोन बघत होतो. माझ्या फोनवर शाळेचे अकरा ग्रुप आहेत. कुठेही काही आलं की आधी 'नोंद घेतली. धन्यवाद सर.' टाकायचं, आणि काय आलंय ते मग सावकाश बघायचं, ही प्रभारी मुख्याध्यापक झाल्यापासून मी स्वतःला लावलेली शिस्त. भाच्याने सासरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'नाना गेले. पहाटे, झोपेतच.' त्याखाली पहिलं उत्तर माझं. 'नोंद घेतली. धन्यवाद सर.' प्रार्थना संपल्यावर मी निरोप नीट वाचला... पुसून टाकावं म्हटलं, तर तोवर यावलपासून सुरतेपर्यंतच्या नातेवाइकांनी ते पाहिलं होतं. गेले ते माझ्या बायकोचे सख्खे थोरले भाऊ. धुळ्यातल्या देवपूरहून जळगावला पिंप्राळ्यात नानांच्या घरी पोहोचेपर्यंत सुनंदा गाडीत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

नाना यावलकडच्या केळीवाल्या घरातले, पण नोकरी जळगावात, एका डाळमिलमध्ये सुपरवायझर म्हणून. कुणाच्याही घरी जेवायला बसले की आधी वरणाकडे बघायचे आणि डाळ कुठून आणली ते विचारायचे. आमच्या लग्नात पंगत वाढली जात असताना हा माणूस आचाऱ्यापाशी उभा राहून डाळीतली चुरी दाखवत होता. मी त्यांना जरा घाबरूनच असे.

दोन वर्षांपूर्वी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला आमच्याकडे आले. तेव्हा माझी एक सवय होती (होती कशाला म्हणू, आहे). शाळेतून आलो की फाटकापाशी स्कूटर बंद करायची आणि तिच्यावरच बसून राहायचं. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. घरात जावंसं वाटायचं नाही, शाळेत परत जावंसं वाटायचं नाही. डोक्यात दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसला पाठवायच्या माहित्या फिरत असायच्या. हात हँडलवरून निघायचे नाहीत. सुनंदाला वाटायचं, मी फोनवर बोलतोय. ते माझ्याही सोयीचंच होतं. पट्टी बांधलेल्या नानांनी मात्र गॅलरीतून एकाच डोळ्याने ते तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी ते खाली आले, माझ्या खांद्याला धरून हळूच मागच्या सीटवर बसले.

"कुठी जायचं, पाव्हणे?"

"कुठंच नाही, नाना."

"मंग हळू चालवा. डोळ्याला वारं नको."

हसायला आलं मला. पण मी मागे वळलो नाही. नानाही मग माझ्या पाठीशीच बोलत राहिले. म्हणाले, मीही असाच व्हायचो. मिलच्या आधीच्या चौकात रिक्षातून उतरायचो आणि निंबाखाली उभा राहायचो. आत पाय जायचा नाही. एकदा दुपारपर्यंत उभा राहिलो. घरी तुमच्या वहिनीच्या डब्यातली मूठभर डाळ काढून तिच्यावरच ओरडलो, तुकडा किती आहे म्हणून... ती रडली तेव्हा कळलं, मी मिलमधून घरी येतच नव्हतो.

मग त्यांनी महिनाभर रजा घेतली आणि यावलला भावाच्या केळीच्या बागेत जाऊन पडले. पहिले आठ दिवस नुसते झोपले. नवव्या दिवशी बाज सैल वाटली, म्हणून उठून पायथ्याची दोरी ताणली. "एवढंच काम केलं त्या महिन्यात," म्हणाले. परत आल्यावर सुपरवायझरपद सोडून त्यांनी बारदानाच्या गोदामातलं हलकं काम मागून घेतलं. नाना घसरला, असं बठ्ठं गाव, झाडून सगळे म्हणाले. "म्हणू द्या की. मला भाकरीची चव लागायला लागली."

मग म्हणाले, "आठ दिवस पिंप्राळ्याला या. फोन इथीच ठेवून या."

मी म्हणालो, "ही एक माहिती वर गेली, की आलोच."

दिवाळीत मी गेलो नाही, उन्हाळ्यात गेलो नाही. एक माहिती वर गेली की तिची दुरुस्ती खाली यायची. मुलीच्या वाढदिवसाला मी 'सदर केक' म्हणालो. सगळे हसले, तसा मीही हसलो. नानांचा महिन्याकाठी फोन यायचा. "कधी येता?" एवढंच. मी नवी तारीख द्यायचो.

तेराव्याला पिंप्राळ्यात मंडप, पाहुणे, भांड्यांचा आवाज. मागच्या खोलीत ती बाज दिसली. यावलहून आणलेली, ढोलकीसारखी ताठ. वर कुणी बसल्याची खूणसुद्धा नव्हती. मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "दर रविवारी दोरी ताणायचे. पोरांनाही बसू द्यायचे नाहीत. पाव्हणे यायचेत म्हणायचे."

"कोण पाव्हणे?"

"तुम्हीच की, भाऊ."

मी टेकलो, फक्त टेकायचं म्हणून... आणि जाग आली तेव्हा पंगती उठल्या होत्या. खिशातला फोन सुनंदाने केव्हाच काढून नेला होता. मी घोरत होतो म्हणे, मंडपापर्यंत ऐकू जाईल इतका.

दुसऱ्या दिवशी मी प्रभारीपद सोडण्याचा अर्ज लिहिला. त्याला दीड महिना झाला. रोज तो खिशात घालून शाळेत जातो आणि रोज परत आणतो. परत आल्यावर स्कूटरवर बसतो. मागची सीट रिकामी असते, आणि मी 'कुठंच नाही, नाना' एवढं मनात म्हणून घेतो.

काल धुणं भिजवताना सुनंदाला तो अर्ज सापडला. घड्या पडून पार मऊ झाला होता. तिने तो वाचला, माझ्यापुढे ठेवला, आणि त्या मेसेजबद्दल पहिल्यांदाच बोलली.

"त्या दिवशीचं तुमचं 'नोंद घेतली' मला फार लागलं होतं. पण तेराव्याला घोरलात ना, त्यानं ते पुसलं. नाना असते तर खूश झाले असते." मग ओले हात पदराला पुसत म्हणाली, "हा अर्ज उद्या देऊन टाका, आणि पिंप्राळ्याला जा. ती बाज आता कुणी ताणत नाही हो... सैल पडायच्या आत जाऊन या."