मित्राची ओबडधोबड शीर्षकं

औरंगपुऱ्यातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात मी साड्यांच्या सेलचं पत्रक तपासत बसले होते. 'धमाका'पुढं दोन उद्गारचिन्हं द्यायची की तीन, यावर गिऱ्हाईक हुज्जत घालत होतं, आणि मिलिंदचा फोन आला. "ताई, अक्का गेली." सकाळी डबा भरताना ओट्यापाशीच कोसळली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... गिऱ्हाइकाला म्हटलं, बाबा, हवी तेवढी चिन्हं घाल, आणि पडेगावची रिक्षा पकडली.

मिलिंदची अक्का म्हणजे संघमित्रा, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण मित्रा. क्रांती चौकाजवळच्या एका क्लासमध्ये ती प्रोग्रॅमिंग शिकवायची आणि उरलेल्या वेळात मराठीतून ब्लॉग लिहायची. विषय एकच. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणारी एकच अक्षरपद्धत, येण्याआधी आम्ही डीटीपीवाल्यांनी ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये जे मराठी टाइप करून ठेवलं, ते आज दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसता चिन्हांचा कचरा दिसतो. गावोगावच्या स्मरणिका, मासिकं, कुणाकुणाच्या कविता अशा अडकून पडल्यात. त्या सोडवणारे छोटे छोटे प्रोग्रॅम मित्रा तयार करायची, आणि ते कसे केले, कुठं फसले, हे सगळं ब्लॉगवर सांगायची. आता हे असलं कोण वाचणार?

माझा जन्म पत्रकं लिहिण्यात गेलेला. मी तिला म्हणायचे, "अगं, शीर्षकात जरा मसाला घाल. 'या पाच चुका तुम्हीही करता का?' असं काहीतरी. बघ कशी गर्दी लोटते." ती फिसकन हसायची. "गर्दी घेऊन काय करू? मी काय भेळ विकते व्हय? ज्याचं अडलंय त्याला सापडलं म्हंजी झालं." बरं मग इंग्रजीत तरी लिही, असंही सुचवून पाहिलं. त्यावर मात्र चिडली. "इंग्रजीत सांगणारे लई हायेत. आपल्या लोकांना कोण सांगंल? तू?"

एकदा ती दुकानात असताना माझा ऑपरेटर अन्वर जुनी फाइल उघडून ओरडला, "क्या तो बी हो गया दीदी, पूरा मॅटर सड गया!" आमच्या धंद्यात मजकुराला मॅटर म्हणतात. मित्रानं लाल प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं आणि त्याच्याशेजारी बसली. "अन्वरभाई, फिरसे बोलो. जैसा बोले वैसाच." चार दिवसांनी ब्लॉगवर नवा लेख आला. शीर्षक, 'पूरा मॅटर सड गया'. मी कपाळावर हात मारला. हे काय शीर्षक आहे? तर म्हणाली, "पोट दुखणारा माणूस डॉक्टरला रोगाचं नाव सांगतो का? पोट दुखतंय म्हणतो. सर्चमधी बी माणूस तेच टाकतो, जे तोंडातनं निघतं." पुढं तिनं हाच शिरस्ता ठेवला. कुणी अडलेला भेटला की आधी त्याचे शब्द ऐकायचे, मग त्यावर लेख. 'नवा कॉम्प्युटर घेतला अन् मराठी गेली'. 'वेलांट्या उडाल्या, काय करू'. ओबडधोबडच सगळी, पण माणसं येऊ लागली. कुणी तालुक्याचा प्रेसवाला, कुणी रिटायर्ड मास्तर. लेखाखाली लिहायचे, 'ताई, जमलं.' ती प्रत्येकाला उत्तर द्यायची, 'पुढचं पान बी करून बघा.'

शोकसभेत तिच्या क्लासचे एक सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, एवढी हुशार बाई, पण कोपऱ्यातल्या विषयात अडकली, व्हिडिओ केले असते तर लाखो लोकांपर्यंत पोचली असती. माझं डोकंच फिरलं. उठले आणि बोलले, "सर, ती अडकली नव्हती. अडकलेल्यांना काढत होती. लाखो नसतील वाचत. मग? ज्यांचं अडलं त्यांना विचारा!" सभेत असं बोलू नये, हे मलाही कळतं. पण बोलले, आणि परत बोलेन.

खरा घोर पुढंच होता. ब्लॉगची वर्षाची फी भरायची आली. मिलिंद म्हणाला, "ताई, बंदच करू. अक्काच नाय, तर कोण वाचतंय?" ब्लॉग त्याच्या हातात, घरचा माणूस तो. मी किती भांडणार? अक्काच्या पुण्यानुमोदनाची, म्हणजे तिला आदरांजली वाहायच्या विधीची, पत्रिका छापायला तो दुकानात आला, सोबत वडिलांच्या वेळच्या पत्रिकेची फाइल. तसाच मजकूर घ्या म्हणाला. अन्वरनं फाइल उघडली. नुसता कचरा. त्यानं सर्चमध्ये टाइप केलं, पूरा मॅटर सड गया.

पहिलंच पान मित्राचं उघडलं.

मिलिंद वाकून बघत राहिला. "हे अक्काचंच हाय व्हय?" मी म्हटलं, "व्हय. वाच." त्यानं वाचलं, खालच्या लोकांचे 'ताई, जमलं'सुद्धा वाचले. अन्वरनं तिनं सांगितलं तसं केलं, आणि पडद्यावर त्यांच्या वडिलांचं नाव स्वच्छ मराठीत उमटलं. मिलिंदनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले... मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई. चालू ऱ्हाऊ द्या."

त्या सरांचा परवा फोन आला होता. ब्लॉग आमचा क्लास चालवेल, फक्त शीर्षकं जरा आकर्षक करून घेऊ म्हणाले. मी साफ सांगितलं, एक अक्षर बदलणार नाही. जन्मभर 'धमाका' लिहिलेली बाई सांगतेय, आकर्षक म्हणजे काय ते मला शिकवू नका.

लाल स्टूल अन्वरच्या शेजारीच आहे. सडलेलं मॅटर घेऊन कुणी आलं की तो त्याला त्यावरच बसवतो, फाइल नंतर उघडतो. आधी विचारतो, "फिरसे बोलो. जैसा बोले वैसाच."